पिकअप गाडीच्या दाराखालची पट्टी : तिचे रक्षण कसे करावे?

— ऊस विकास अधिकारी



या पानावर आम्ही एरवी बेणे, खोडवा, पाचट आणि खतांच्या मात्रा यांविषयी लिहितो. या वेळचा विषय मात्र गाडीचा आहे. ऊस विकास खात्याने गाडीच्या भानगडीत कशाला पडावे, असे कुणी म्हणेल. पण आज आपल्या शिवारात बेणे, खताच्या गोणी, ठिबकच्या नळ्या आणि फवारणीचे पंप बहुतेक पिकअपमधूनच हलतात. अनेक सभासदांनी दोन्ही चाकजोड्यांना ताकद मिळणाऱ्या, म्हणजे फोर-व्हील पिकअप घेतल्या आहेत. त्यामुळे गावसभेला गेलो की हुमणीच्या प्रश्नानंतर दुसरा प्रश्न गाडीचाच निघतो.

मागील पावसाळ्यात आमच्या एका सभासदावर आलेला प्रसंग प्रथम सांगतो. त्यांची चार दारांची पिकअप नवी होती. दोन्ही बाजूंना चकचकीत स्टीलच्या नळीचे फूटस्टेप बसवून घेतलेले. रात्री आईंना धाप लागली म्हणून वस्तीवरून पाणंदीने गाडी काढली. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या गुडघाभर खोल. डावी चाके घसरून चाकोरीत गेली आणि गाडी डाव्या फूटस्टेपवर बांधाच्या दगडावर बसली. फूटस्टेपचे बोल्ट दाराखालच्या पत्र्यात होते. पत्रा वर चेपला आणि मागचे दार त्यात अडकून बसले. कशीबशी गाडी निघाली, दवाखानाही गाठला, पण आई डाव्या दाराशी बसलेल्या आणि दार काही केल्या उघडेना. शेवटी त्यांना सीटवरून ओढत उजव्या बाजूने काढावे लागले. देवाची कृपा, आई बऱ्या झाल्या. पण नंतर भेटल्यावर ते सभासद म्हणाले, "साहेब, मी तर गाडीच्या संरक्षणासाठीच बसवलं होतं ते!"

त्यांचे काय चुकले? वस्तू वाईट होती असे नाही. ती ज्या कामासाठी होती, त्याहून वेगळे काम तिच्याकडून घेतले गेले. हा फरक सर्वांना समजावा म्हणून हा लेख.

१) ही पट्टी म्हणजे काय?

पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, दारांच्या खाली जो आडवा पत्र्याचा भाग असतो त्याला इंग्रजीत रॉकर पॅनेल म्हणतात. गॅरेजवाले सिल किंवा साईड पट्टी म्हणतात. बाहेरून ती भक्कम दिसते, पण आतून पोकळ असते. बाहेरचा आणि आतला असे पत्रे खाली एकत्र दाबून, ठिकठिकाणी वेल्डिंगचे टाके देऊन ही पेटी बनवलेली असते. पत्र्याची जाडी जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास. तळाला लहान भोके असतात. आत गेलेले पाणी निथळून जावे म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असतात. ही भोके ध्यानात ठेवा, पुढे त्यांचे काम आहे.

पिकअप गाडीत दोन थर असतात. खाली जाड लोखंडाची चासी आणि तिच्यावर रबरी बुशांवर बसवलेली बॉडी. भार वाहण्याचे काम चासीचे. बॉडी माणसांना सावली आणि आडोसा देते. बैलगाडीच्या भाषेत सांगायचे तर चासी ही साटी आणि बॉडी हा वरचा तट्ट्या. धक्का साटीने सोसायचा असतो, तट्ट्याने नव्हे. संपूर्ण विषयाचे सार एवढेच आहे : खालून येणारा भार चासीवर गेला पाहिजे, दाराखालच्या पत्र्यावर नव्हे.

२) पट्टी खराब होते कशाने?

आमच्या पाहणीत तीन कारणे येतात. तिन्हींचे औषध वेगवेगळे आहे.

पहिले कारण खडीचा मारा. पुढचे चाक मुरूम आणि खडी उडवते, ती थेट पट्टीवर बसते. रंगाचे टवके उडतात आणि तिथून गंज सुरू होतो.

दुसरे कारण खालून बसणारा दणका. एका बाजूची चाके चाकोरीत आणि दुसरी उंचवट्यावर, किंवा बांध ओलांडताना पुढची चाके पार झाली आणि मागची अजून अलीकडे, अशा वेळी गाडीचा मध्यभाग टेकतो.

तिसरे कारण चिखल व क्षार. काळ्या जमिनीचा चिखल पट्टीच्या पोटाशी चिकटून दिवसचे दिवस ओला राहतो. त्यात पोटॅश, अमोनियम सल्फेट अशा खतांचा सांडलेला भुगा आणि वाहून नेलेल्या प्रेसमडचा ओलावा मिसळतो. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराईड असते, आणि क्लोराईड लोखंडाचा वैरी आहे.

म्हणून खरेदीला जाण्यापूर्वी एक काम करा. गाडी स्वच्छ धुवून सपाट जागी उभी करा, अंगाखाली पोते टाकून आडवे व्हा आणि बॅटरीने पट्टीचे पोट पाहा. रंगाचे बारीक टवके दिसले तर पहिले कारण. चेपलेला किंवा खरवडलेला पत्रा दिसला तर दुसरे. फुगलेला रंग आणि तांबूस पापुद्रे दिसले तर तिसरे. जमिनीचा नमुना तपासल्याशिवाय आपण खताची मात्रा ठरवत नाही, तसेच हे आहे.

३) बाजारात मिळणारे प्रकार

(अ) मडफ्लॅप : पुढच्या चाकामागे लोंबणारे जाड रबर. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय. खडीचा मारा बराचसा यानेच थांबतो. दणक्याला मात्र काही उपयोग नाही.

(आ) रबरी किंवा मेणाचा लेप : खडी व गंज यांसाठी चांगला. स्वच्छ, कोरड्या आणि गंज नसलेल्या पत्र्यावरच द्यावा.

(इ) फूटस्टेप : चढ-उतार करायला पायरी. म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना सोयीची. ती माणसाचे वजन पेलण्यासाठी केलेली असते, गाडीचे वजन पेलण्यासाठी नव्हे. काही फूटस्टेप चासीला धरलेले असतात, काही पत्र्याला. पत्र्याला धरलेला फूटस्टेप दगडावर टेकला की तो पहारीसारखे काम करतो आणि पत्राच उचकटतो. आमच्या सभासदाचे नेमके हेच झाले.

(ई) चासीवर बसणारी संरक्षक नळी : हिला स्लायडर म्हणतात. जाड पाईप किंवा चौकोनी बॉक्स, त्याला तीन-चार मजबूत पाय आणि ते पाय चासीला घट्ट पकडलेले. गाडी हिच्यावर टेकली तरी भार चासीवर जातो आणि पत्र्याला स्पर्श होत नाही. दणक्यावर खरा उपाय हाच.

फूटस्टेप आणि स्लायडर दुकानात शेजारी शेजारी टांगलेले असतात, दिसायलाही सारखेच. तेव्हा दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा : "याचे पाय कशाला धरतात?" उत्तर "बॉडीला" असे आले तर ती पायरी समजावी. "चासीला" असे आले तर स्वतः खाली वाकून खात्री करावी आणि पाय कसल्या लोखंडाचे आहेत तेही पाहावे. पातळ पट्टीचे पाय असतील तर चासीला धरूनही ती पायरीच.

४) पाईप कोणता? थोडा हिशोब

अनेक सभासद गावच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून स्लायडर करून घेतात. त्यात गैर काही नाही, फक्त माल पारखून घ्यावा. पाईपचे हलका, मध्यम आणि जड असे तीन वर्ग असतात आणि त्यांवर अनुक्रमे पिवळा, निळा व तांबडा पट्टा असतो. पाण्याच्या पाईपलाईनमुळे हे आपल्याला माहीत आहेच. स्लायडरसाठी निदान निळा पट्टा हवा. दीड इंची मध्यम पाईपचा बाहेरचा व्यास ४८.३ मि.मी. व जाडी ३.२ मि.मी. असते.

वजन काढण्याचे सूत्र असे : बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा, उत्तराला जाडीने गुणा, मग ०.०२४६६ ने गुणा. एक मीटरचे वजन किलोत मिळते. दीड इंचीसाठी (४८.३ − ३.२) × ३.२ × ०.०२४६६ = सुमारे ३.५६ किलो.

आता एक इंची पाईप (व्यास ३३.७ मि.मी.) तितक्याच जाडीचा घेतला तर वजन मीटरला सुमारे २.४ किलो. म्हणजे दीड इंची वजनाने जवळपास दीडपट. पण वाकण्याला विरोध करण्याची ताकद मात्र सव्वादोनपट निघते. वजन दीडपट आणि ताकद सव्वादोनपट, हा सौदा फायद्याचा आहे. एक इंचीच्या मोहात पडू नये.

एका बाजूला बाहेरची नळी १.८ मीटर, आतली १.६ मीटर, चार पाय मिळून १.४ मीटर आणि जोडतुकडे पाऊण मीटर धरले तर साधारण साडेपाच मीटर पाईप लागतो. त्याचे वजन वीस किलो. चासीला धरणाऱ्या ६ मि.मी. जाडीच्या प्लेटा आणि बोल्ट मिळून आणखी सहा-सात किलो. म्हणजे जोडी पन्नास किलोच्या वर गेली. डीएपीची एक गोणी कायमची गाडीत ठेवल्यासारखे झाले. तेवढे ओझे भरताना कमी धरावे. फॅब्रिकेशनवाला किलोवर भाव सांगतो, तेव्हा हा हिशोब खिशात असलेला बरा. आणि वजन याच्या निम्म्यानेच भरले तर माल पातळ वापरला आहे हे ओळखावे.

जस्ताचा मुलामा असलेला पाईप वेल्डिंगला देऊ नये. जस्ताचा धूर कारागिराला बाधतो, थंडी-ताप येतो. काळा पाईप घ्यावा आणि काम झाल्यावर रेडऑक्साईड व रंग द्यावा. उघडी तोंडे टोपी लावून बंद करावीत, नाहीतर त्यांत चिखल भरतो.

५) बसवताना घ्यायची काळजी

(१) चासीला वेल्डिंग करू देऊ नये. आजच्या गाड्यांच्या चासीला उच्च ताकदीचे पोलाद वापरतात आणि उष्णतेने ती जागा कमजोर होते. प्लेट व बोल्टने पकड घ्यावी. चासीच्या वरच्या-खालच्या कडेला नवे भोक पाडू नये, असलेली भोके वापरावीत.

(२) ब्रेकची नळी, डिझेलची नळी आणि वायरिंग चासीलगतच जाते. पकडीखाली यांपैकी काही दबले नाही ना, हे बोल्ट आवळण्यापूर्वी आणि आवळल्यानंतर असे दोनदा पाहावे.

(३) नळी आणि पट्टी यांत साधारण इंचभर फट हवी. बॉडी रबरावर बसलेली असल्याने खडबडीत रस्त्यावर ती चासीच्या मानाने हलते. फट नसेल तर नळीच पत्र्याला ठोकत राहील.

(४) नळी फार खाली लोंबू देऊ नये. जमिनीपासूनची उंची कमी झाली तर पूर्वी जिथे गाडी टेकत नव्हती, तिथेही टेकू लागेल.

(५) बोल्टच्या डोक्यावर ८.८ हा आकडा पाहून घ्यावा. पहिल्या आठवड्यातच सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत, पुढे दर हंगामाला एकदा.

(६) पैसे देण्यापूर्वी परीक्षा घ्यावी. सपाट व टणक जागी गाडी उभी करून पलीकडच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावा, नळीच्या मध्यावर जॅक देऊन एका बाजूचे चाक जमिनीपासून सुटेपर्यंत उचला. गाडीखाली किंवा गाडीत कोणीही असता कामा नये. नळी वाकली किंवा पत्र्याला टेकली तर काम नापास. रिकामी पिकअपच दोन टनांच्या आसपास असते. जॅकवर जी नळी टिकत नाही, ती बांधाच्या दगडावर कशी टिकेल?

एक सूचना विसरू नये. ज्यांच्याकडे मोटारीसारखी, वेगळी चासी नसलेली गाडी आहे, त्यांनी असा स्लायडर बसवण्याच्या फंदात पडू नये. तिथे दाराखालची पट्टी हाच गाडीचा कणा असतो. त्यावर कुणाला वेल्डिंगही करू देऊ नये.

६) घरचा अनुभव

दुसऱ्याची चूक सांगितली, आता आमची सांगतो. आमच्या खात्याच्या जुन्या गाडीला आम्ही हौसेने काळा रबरी लेप देऊन घेतला होता. गाडी बाहेरून नवी दिसू लागली. तीन पावसाळे गेले. एके दिवशी फिटरने पट्टीवर स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो सरळ आत गेला, भिजलेल्या पुठ्ठ्यात जावा तसा. झाले असे होते की लेप देणाऱ्याने आधीचा गंज खरवडला नव्हता आणि तळाची भोके लेपाने बुजवली होती. आतले पाणी आतच राहिले. बाहेरून कवच आणि आतून वाळवी! फिटर म्हणाला, "साहेब, लेप दिला नसता तर निदान दिसलं तरी असतं."

तेव्हापासून आम्ही नियम केला आहे. आधी धुणे, मग गंज खरवडणे, रेडऑक्साईड, आणि शेवटी लेप. भोके तारेने मोकळी करणे. पट्टीच्या पोकळीत मेणयुक्त तेलाची फवारणी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी. आणि खत किंवा प्रेसमड वाहिल्यावर त्याच दिवशी खालून पाण्याचा फवारा. पंप आपल्याकडे आहे, पाणी आहे, खर्च दहा मिनिटांचा. आपल्या भागात दगडापेक्षा चिखलानेच जास्त पट्ट्या मेल्या आहेत, हे आम्ही अनुभवाने सांगतो. गंजलेल्या पट्टीपुढे कितीही महागडी नळी लावली तरी पट्टी वाचत नाही.

७) पाचटापासून सावध

तोडणी झालेल्या फडात गाडी घातली की वाळलेले पाचट नळी आणि पत्रा यांच्या फटीत गोळा होते. सायलेन्सर त्याच्या जवळून जातो व बराच वेळ तापलेला असतो. कोरडे पाचट त्याला लागले की पेट घ्यायला वेळ लागत नाही. म्हणून फडातून बाहेर आल्यावर उतरून, काठीने दोन्ही बाजूंचे पाचट काढावे. ठिबकच्या नळीचे तुकडेही तिथे अडकतात. उभ्या गाडीचे इंजिन पाचटावर चालू ठेवू नये.

८) कायद्याची बाजू

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने गाडीपुढच्या लोखंडी गार्डांवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले होते. ते पत्र पुढच्या गार्डांविषयी असले तरी बोध सर्वांनी घ्यावा. बाजूची नळी चाकांच्या रेषेबाहेर येऊ देऊ नये, टोके धारदार ठेवू नयेत. रस्त्यावर पोरेबाळे आणि सायकलवाले असतात. बसवण्यापूर्वी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. उत्पादकाच्या अधिकृत विक्रेत्याकडे त्याच गाडीसाठी केलेली वस्तू मिळत असेल तर ती घेणे बरे.

९) मग कुणी काय घ्यावे?

- ज्यांची गाडी बहुतांशी डांबरी आणि पक्क्या मुरमाच्या रस्त्याने जाते : मडफ्लॅप व लेप एवढेच पुरे. स्लायडरचा खर्च करू नये.
- घरात वृद्ध माणसे आहेत, चढायला पायरी हवी : फूटस्टेप घ्यावा, पण पाय चासीला धरणारा. आणि तो पायरी आहे हे विसरू नये.
- ज्यांची वस्ती पाणंदीच्या टोकाला आहे, ओढा-बांध रोजचाच आहे आणि पट्टीच्या पोटावर खरवडल्याच्या खुणा आहेत : चासीवरचा स्लायडर. वर सपाट पत्रा मारून घेतला तर पायरीचेही काम होते.
- ज्यांच्या पट्टीला आधीच गंज आहे : पहिला खर्च पत्र्याचा, मग बाकीचे.

आणि सर्वांसाठी आणखी एक. स्लायडर बसला म्हणून बांधावरून गाडी घालायची मोकळीक मिळाली असे समजू नये. बांध शेजाऱ्याचाही असतो. बांधाला दोन्हीकडून मुरमाचा उतार करून घेतला, चाकोरीत दगड-मुरूम भरला, तर निम्मे दणके बसतच नाहीत. गळीत संपल्यावर पाणंदीवरच्या चार घरांनी मिळून दोन दिवस श्रम केले, तर त्याच पैशात सगळ्यांच्या गाड्यांचे रक्षण होते. रात्री-अपरात्री दवाखान्याला जाण्याची वेळ तर कुणावरही येते.

ज्या सभासदांच्या प्रसंगाने हा लेख सुरू केला, त्यांनी पुढे काय केले तेही सांगतो. फूटस्टेप काढून टाकले, पत्रा दुरुस्त केला, चासीवर नळी बसवली, जॅकची परीक्षा घेऊनच पैसे दिले. आणि मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, आपल्या खर्चाने पाणंदीच्या त्या वळणावर तीन ट्रॉल्या मुरूम टाकला. आम्ही विचारले, "आता गाडी भक्कम झाली, मग मुरूम कशाला?" ते म्हणाले, "गाडी माझी एकट्याची आहे, वाट सगळ्यांची."

यावर आम्ही आणखी काय लिहावे? खरेदीपूर्वी शंका असल्यास आपल्या गटाच्या शेतकी कर्मचाऱ्यांमार्फत ऊस विकास विभागाशी बोलावे. येताना दाराखालच्या पट्टीचे पोट मात्र बघून यावे.